नळीवरची दोन बोटं

आधीच सांगून टाकते, ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. का म्हणून विचारलं असतंत तर त्या दिवशी सांगता आलं नसतं. प्रयोगशाळेत नवी लागलेली पोरगी, साधी होती, वेळेवर यायची, डबा वाटून खायची. पण पहिल्याच दिवशी भट्टीसमोर उभी राहिली, नळीच्या तोंडातून आतला उजेड बघितला आणि म्हणाली, "ताई, ह्या रंगावरनं पण कळत असंल नाय, किती तापलीय ते?" मी नऊ वर्षं त्या भट्टीसमोर उभी होते आणि नऊ वर्षं आकडा दाखवणाऱ्या डब्याकडे बघत आले होते. रंगाकडे बघायचं मला कधी सुचलंच नव्हतं. झालं, तेवढं पुरलं मला.

आमची प्रयोगशाळा खालापूरच्या बाजूला, एका कारखान्याच्या आवारात. तीन खोल्या, एक भट्टी आणि एक सर. मी भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, लग्न करून कर्जतला आलेली. नोकरी कंत्राटी. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी तीच सही. त्या वर्षी सरांनी सांगितलं की भट्टी सांभाळायला एक जागा कायम होणार आहे. एकच. मला ती हवी होती. हवी होती कसली, ती माझीच आहे असं मी धरूनच चालले होते. घरी पेढेसुद्धा ठरवून झाले होते, कुठल्या दुकानातून आणायचे ते.

आम्ही काय करतो ते नातेवाईक विचारतात, तेव्हा मी सांगते की पेन्सिलीच्या शिशाचा एकच थर सोडवायचा, अणूएवढा जाड. त्याला ग्राफीन म्हणतात. लोक मान हलवतात आणि भाताचा भाव काय चाललाय ते विचारायला लागतात. पण खरी गंमत त्या थराची नाही, तो तापल्यावर कसा वागतो त्याची आहे. आमच्याकडे तो आधी तपकिरी पाण्यासारखा येतो, कारण त्यात ऑक्सिजन अडकवलेला असतो. ताटलीत ओतून सुकवला की तपकिरी पापुद्रा होतो, कांद्याच्या सालीसारखा. मग तो बोटीत, म्हणजे नळीत मावेल अशा लांबट ताटलीत घालून क्वार्ट्झ काचेच्या नळीत ठेवायचा, पंपानं हवा ओढून काढायची आणि तापवायचं. दोनशे अंशांच्या आसपास ऑक्सिजन निघायला लागतो आणि पापुद्रा काळा पडतो. ऑक्सिजन जाताना बरोबर थोडा कार्बनही घेऊन जातो, म्हणून थराला बारीक बारीक भोकं पडतात. हजाराच्या पुढे गेलं की उरलेले अणू जरा नीट बसतात, पापुद्र्याला करडी चकाकी येते. भोकं खरी बुजायची तर दोन हजारांच्याही पुढे जावं लागतं. तेवढी आमच्या भट्टीची ताकद नाही. आमचा चांगला झालेला पापुद्रा बाहेरगावच्या मोठ्या भट्टीकडे पाठवायचा, असं ठरलं होतं. ज्याचा पापुद्रा जाईल त्याची जागा, असं सर तोंडानं बोलले नाहीत. पण आम्हाला दोघींनाही ते कळलं होतं.

आता माझा पापुद्रा. तो कधी फुगायचा, कधी फाटायचा. भराभर तापवला की सगळा वायू एकदम सुटायचा आणि थर एकमेकांपासून उडायचे. नळी उघडली की आत काळा कापूस. हळू तापवला तरी चिरायचा. मी त्याला दोन पट्ट्यांमध्ये घट्ट आवळून बसवायची, कारण हलला तर सुरकुतेल अशी माझी समजूत. नऊ वर्षांत मला वाटत आलं की माल खराब येतोय. सरांनाही मी तसंच सांगत आले.

तिनं काय केलं? तिनं पट्ट्या सैल केल्या. म्हणाली, "ताई, समदं तापलं की पसरतं, ह्यो उलटा हाय. ह्यो आकसतो. घट्ट धरला तर फाटंल नायतर काय करंल?" आणि ते बरोबर होतं, पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. तापला की हा थर आत लाटांसारखा थरथरतो, म्हणून त्याची टोकं आत येतात. चादर झटकली की कडा आत येतात, तसं. वाचलेलं माझ्या डोक्यात राहिलं आणि तिच्या हातात उतरलं. शिवाय ती पापुद्रा दोन दिवस सावलीत सुकवायची, वर जाळी ठेवून. तिची आई तांदळाचे पापड आधी सावलीत घालते, थेट उन्हात घातले की वळतात, म्हणून. असलं शास्त्र! मी हसले होते ऐकून. पहिल्याच खेपेला तिचा पापुद्रा सपाट निघाला, नखाएवढाही फुगवटा नाही. सरांनी तो चिमट्यानं उचलून खिडकीशी नेला आणि कितीतरी वेळ बघत बसले. माझ्याकडे एकदाही असं कुणी नऊ वर्षांत बघितलं नव्हतं, पापुद्र्याकडे तर नाहीच.

त्या दिवसापासून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. तिचं बोलणं खुपायला लागलं. कशेळ्याच्या पलीकडची, शेतकऱ्याच्या घरची, एम.एस्सी. केली तरी हाय-नाय सुटलं नव्हतं. घरी मी तिची नक्कल करायची. नवरा हसायचा आणि म्हणायचा, "अगं, भट्टीला सवत आणलीय की काय सरांनी?" मी त्याच्यावर भांडं आपटलं होतं एकदा. थट्टा कसली, अगदी वर्मावर बोट होतं ते. पाहुणे आले की सर भट्टीबद्दल सांगायला तिला पुढे करायचे. ती अडखळत इंग्रजी बोलायची आणि पाहुणे मन लावून ऐकायचे. चहा कुणी सांगायचा? मी. "ताई, जरा चहाचं बघता का?" मी बघायची. कप असे ठेवायची की बशीत सांडेल.

मग दसरा आला. आमच्याकडे आदल्या दिवशी, खंडेनवमीला, भट्टीची पूजा होते. सगळं उघडतात, पुसतात, नळी बाहेर काढून पांढऱ्या टॉवेलवर ठेवतात, पाने, चिमटे, बोटी सगळं मांडतात. झेंडूची माळ, हळद-कुंकू, नारळ. ही पूजा नऊ वर्षं माझ्या हातची. कुणी नेमून दिलं नव्हतं, पण ताट माझ्याकडेच यायचं. त्या वर्षी सर ताट घेऊन आले आणि माझ्यासमोरून पुढे गेले. "या वेळी हिच्या हातून होऊ दे," म्हणाले, "हिनं भट्टीला गुण आणलाय." सगळ्या लोकांदेखत. ती मागे सरली. "ताई करत्यात ना दर साली. मी कशाला?" मी म्हटलं, "कर गं, कर. तुझीच आहे आता भट्टी." आवाज इतका गोड काढला की माझी मलाच किळस आली.

तिनं पूजा केली. भट्टीच्या पत्र्याला कुंकू लावलं, पंपाला लावलं, चिमट्यांना लावलं. टॉवेलवरच्या नळीपाशी आली आणि हात मागे घेतला. म्हणाली, "नळीला नको. डाग पडंल."

हा नियम माझा होता! प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगते की नळीला उघडा हात लावायचा नाही. घामात क्षार असतात. नळी हजारावर तापली की ते क्षार तिच्या अंगात शिरतात, तिथली काच दुधी होते, आणि निवताना तिथंच तडकते. तिलाही मीच सांगितलं होतं. आणि तिनं तो नियम सगळ्यांसमोर असा म्हणून दाखवला, जणू मी तिच्याकडून शिकायला आलेय. सर म्हणाले, "शाब्बास." माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

सगळे पेढे खायला बाहेर गेले. मी मागे राहिले, ताट आवरायचं म्हणून. नळी टॉवेलवर होती, स्वच्छ, आरपार. दर वर्षी मी तिला टोकाला कुंकू लावायची, जे टोक भट्टीच्या बाहेरच राहतं तिथं, काही होत नाही. त्या दिवशी मी अनामिका हळदीत बुडवली आणि नळीच्या बरोबर मध्ये टेकवली. मग कुंकवात बुडवून तिच्या खाली. ही माझी पूजा, तुमची तुम्ही केलीत, असं काहीतरी डोक्यात होतं. नुकसान करायचं होतं का? अनेकदा विचारलंय मी स्वतःला. नुकसान करायचं नव्हतं. पण नुकसान होतं हे मला माहीत होतं, आणि बोट तरीही टेकलं. लगेच भानावर आले. रुमाल ओला करून दोन्ही ठिपके पुसले. दिसायला काही राहिलं नाही. स्पिरिटनं पुसायला हवं होतं. स्पिरिटची बाटली पुढच्या खोलीत होती आणि त्या खोलीत ती हसत होती, म्हणून मी गेले नाही.

सुट्टीनंतर तिनं मोजे घातले आणि विचारलं, "ताई, नळी पुसायची हाय का?"

"मी पुसलीय."

पहिली फेरी रिकामी घेतात, भट्टी नीट चालतेय ना बघायला. ती घेतली, निवली, काही झालं नाही. म्हणजे झालं होतं, पण नळीचा मधला भाग आत, विटांच्या आड. तिथं काय झालंय ते नळी बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं तिचा मोठा पापुद्रा आत ठेवला. महिनाभर थर देऊन, सुकवून, जपून केलेला. मोठ्या भट्टीकडे जाणारा तो हाच. पंप लावला. मी टेबलाशी बसून नोंदी उतरवत होते.

"ताई, काटा जरा वर वाटतोय. एरवी ह्याच्या खाली उतरतो. बघता का?"

काटा वर म्हणजे आत कुठून तरी हवा येतेय. मी जागेवरून उठायला हवं होतं. चार पावलं होती. माझ्या डोळ्यांसमोर ते दोन ठिपके आलेसुद्धा, खोटं कशाला बोलू. आणि मी काय म्हटलं? "तुला सगळं कळतं ना? मग मला कशाला विचारतेस? दसऱ्यानंतर असंच असतं. चालू कर."

तिनं चालू केली.

ग्राफीनचं असं आहे की हवा नसेल तर तो हजारावरही टिकतो, भट्टी थकेल पण तो थकणार नाही. हवा मिळाली की सहाशेच्या आसपासच संपतो. वितळत नाही, मोडत नाही, नुसता वायू होऊन निघून जातो. संध्याकाळी नळी उघडली तेव्हा बोटीत काही नव्हतं. कडेला चिमूटभर राखाडी डाग, बस्स. ती चिमटा हातात धरून बोटीत बघत राहिली. मग नळी बाहेर काढली, आणि मधोमध दोन ठिपके दिसले, एकाखाली एक, बोटांच्या पेराएवढे, दुधी. खालच्या ठिपक्यातून केसाएवढी चीर निघाली होती. काच आतून पांढरी पडली होती, पुसून जाणारं काही राहिलंच नव्हतं.

सर आले. ठिपके बघितल्यावर त्यांना सांगावं लागलं नाही. "पूजा कोणी केली होती?" एवढंच विचारलं. त्यांनाच माहीत होतं कोणी केली ते, ताट त्यांनीच दिलं होतं. मी सिंकपाशी उभी होते, नळ वाहत होता.

"मी केली होती, सर," ती म्हणाली. "मागनं टॉवेल आवरताना माझ्याकडनं कुंकवाचं बोट लागलं असंल."

सरांनी आवाज चढवला नाही, त्यापेक्षा वाईट केलं. म्हणाले, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." आठवड्याभरात तिला भट्टीवरून काढून कागदपत्रांवर बसवलं, आणि महिनाअखेरीला तिचा कंत्राटाचा कागद नवा झाला नाही. मला सर म्हणाले की दिवाळीनंतर पत्र निघेल, माझ्या नावानं. मी घरी पेढे नेले. नवरा म्हणाला, "काय गं, तोंड का असं?" म्हटलं, दमलेय.

आता तुम्हाला वाटेल की मी कशेळ्याला तिची माफी मागायला गेले. असं लिहायला मलाही आवडलं असतं. मी गेले, कारण नवी नळी आली तरी माझे पापुद्रे पुन्हा फुगायला लागले होते. पट्ट्या सैल केल्या, सावलीत सुकवले, तरी फुगायचे. ती अजून काहीतरी करत होती जे मी बघितलं नव्हतं, बघायचं नाही म्हणून तोंड फिरवून बसत होते. मला तिची कृती हवी होती. कर्जतहून जीप पकडली, कशेळ्याला उतरले, तिथून पुढे पायी. तिच्या घरी भात झोडायचं चाललं होतं. ती डोक्याला फडकं बांधून पेंढ्या उचलत होती. मला बघून धावत आली. "अगं बया, ताई! या या. आयं, च्या टाक गं, ताई आल्यात!"

मी विचारलं आणि तिनं सांगितलं. सगळं. दोनशेच्या अलीकडे भट्टी तासभर थांबवायची, आकडा वाढू द्यायचा नाही, सगळा वायू सावकाश जाऊ द्यायचा. रंग काळा झाला तरी घाई करायची नाही. वर दोन चपट्या पाट्या ठेवायच्या, नुसत्या ठेवायच्या, आवळायच्या नाहीत. काहीही राखून ठेवलं नाही. मीच तिच्या जागी असते तर अर्धं गिळलं असतं. चहा पिऊन मी उठले, चपला घातल्या, तेव्हा ती हळूच म्हणाली, "ताई, नळी स्पिरिटनं पुसत जा. रुमालानं नका पुसू."

मी उंबऱ्यापाशीच वळले.

"तुला माहीत होतं?"

"खंडेनवमीला तुमच्या रुमालाला हळद-कुंकू होतं. तवा काय वाटलं नाय. नळीवर ठिपके बघितले तवा कळलं."

"मग सरांसमोर बोलली का नाहीस?"

ती जमिनीकडे बघत होती. "तुमची नऊ वरसं हायत ताई तिथं. मला काय, दुसरीकडं गावंल कुठंतरी."

तुम्हाला खरं सांगू? मला रडू आलं नाही. लाजही नंतर आली. आधी आला तो संताप. म्हणजे ही माझी कीव करते! माझ्यापेक्षा चांगला पापुद्रा करते, माझा नियम मला शिकवते, आणि वर माझ्यासाठी नोकरी सोडते, आणि ते कुणाला सांगतही नाही! हिनं किती मोठं व्हायचं? जीपमध्ये बसून कर्जतला येईपर्यंत मी आतल्या आत तिच्याशी भांडत होते. शेजारची बाई दोनदा माझ्याकडे वळून बघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. ठिपके, रुमाल, काटा. काटा वर होता आणि तिनं मला विचारलं होतं, हेही. सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "हे येऊन सांगायला मोठं मन लागतं." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं पश्चात्ताप. पश्चात्ताप असेलही थोडा, पण माझ्या पायांना त्या खोलीपर्यंत ओढत नेलं ते हेव्यानं. ती माझ्यावर उपकार करून बसलेली मला सहन होत नव्हती. तिचं ऋण फेडायचं नव्हतं मला, तिच्या तोंडावर परत फेकायचं होतं.

कायमचं पत्र तिच्या नावानं निघालं. मी अजून कंत्राटावरच आहे, दर वर्षी नवा कागद.

ती परत आली त्या दिवशी मी मोजे घालून तयार होते. नवी नळी स्पिरिटनं दोनदा पुसली होती, उजेडात धरून बघितली होती. ती पर्स ठेवून थेट माझ्याकडे आली. हसली, पाया पडायला वाकली, मी तिला धरून उभं केलं. "बऱ्या हात ना ताई?" म्हणाली. मग तिनं स्वतःचे मोजे चढवले, माझ्या दोन्ही हातांमधून नळी हळूच काढून घेतली आणि म्हणाली, "राहू द्या. मी बसवते."

हे ती रागावून म्हणाली नाही. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. आजही नळी तीच बसवते.